बाहुलीच्या हौदाचे अक्षांश-रेखांश

बुधवार पेठेत पत्ता विचारलात तर आकडा मिळत नाही, वस्तू मिळते. दगडूशेठच्या समोर. पासोड्या विठोबाच्या पुढे. तपकीर गल्लीच्या तोंडाशी. फरासखान्याला लागून. घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर कागदावर असतात, पण रस्त्यावरचा माणूस तुम्हाला वस्तूवरूनच पोहोचवतो. आणि पोहोचवतो बरोबर.

या पद्धतीची अट एकच: वस्तू जागेवर राहिली पाहिजे. ‘बुधवार वाड्यासमोर’ हा पत्ता पेशवाईत शेंबड्या पोरालाही कळला असता. १८७९ साली वाडा आगीत गेला आणि तो पत्ताही गेला. आज चौकात उभं राहून कुणाला बुधवार वाडा विचारा, तो तुम्हाला शनिवारवाड्याकडे पाठवेल.

या लेखातली वस्तू छोटी आहे. फरासखान्यापाशी एक हौद आहे, बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले हे पुण्यातले नामांकित शल्यवैद्य, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. त्यांनी आपली मुलगी काशीबाई हिला शिकवायला घेतलं. मुलगी लहान वयातच गेली. मुलींच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्यांनी तिला लाडवातून काचा खायला घातल्या, अशी आठवण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्या स्मरणार्थ घोल्यांनी हा हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. ज्या शहरात सार्वजनिक पाण्यावर कुणाचा हात लागतो यावर पहारा होता, तिथे हे साधं काम नव्हतं. जोतीरावांनी १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. घोल्यांचा हौद त्याच वाटेवरचा.

आज त्याच्या शेजारून दिवसाला हजारो लोक जातात. बहुतेकांच्या हातात फोन असतो आणि फोनमध्ये नकाशा उघडा असतो. म्हणून मी स्वतःला एक सोपं वाटणारं काम दिलं. या हौदाचे अक्षांश-रेखांश काढायचे आणि असे लिहून ठेवायचे, की उद्या शेजारची ओळखीची खूण गेली तरी जागा सापडेल. काम सोपं नाही हे लवकरच कळलं. फोन आकडा अर्ध्या मिनिटात देतो. तो आकडा नक्की कशाचा आहे, हे समजायला दोन-अडीचशे वर्षं मागे जावं लागतं. खरं तर त्याहूनही मागे.

चार अंगुळांची सावली

अक्षांश काढायला उपग्रह लागत नाही. काठी पुरते. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘पलभा’ नावाची संज्ञा आहे. बारा अंगुळं उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा. वर्षातल्या ज्या दिवशी दिवस आणि रात्र सारखे असतात, त्या दिवशी भर मध्यान्ही त्याची सावली मोजायची. ती सावली म्हणजे त्या गावाची पलभा. गाव जितकं उत्तरेला, तितकी सावली लांब.

पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश. त्याचा टॅन्जंट काढून बाराने गुणलं की उत्तर येतं ४.०१. म्हणजे पुण्याची पलभा चार अंगुळं, जवळजवळ नेमकी. मी हे कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं, कारण इतका गोल आकडा आला की इंजिनिअरला आधी संशयच येतो. बुधवार पेठेत कुणी मार्चमध्ये विषुवदिनी गच्चीवर बारा अंगुळांची काठी उभी केली, तर मध्यान्हीला चार अंगुळं सावली पडेल. शाळकरी पोरालाही हा प्रयोग करता येईल.

रेखांशाचं मात्र तसं नाही. सूर्य पूर्व-पश्चिम रेषेवरच्या सगळ्या गावांना सारखाच दिसतो, फक्त वेगवेगळ्या वेळी. आपल्या परंपरेत शून्य रेखा उज्जैनवरून जायची आणि तिथपासूनच्या अंतराला ‘देशांतर’ म्हणत. उज्जैनपेक्षा पुण्यात मध्यान्ह साधारण साडेसात मिनिटं उशिरा होते. पण हे साडेसात मिनिटं मोजायचे कसे? एकाच क्षणी उज्जैनमध्ये किती वाजलेत आणि पुण्यात किती, हे दोन्ही माहीत हवं. ग्रहणासारखी दोन्हीकडून दिसणारी घटना असेल तर जमतं. एरवी उज्जैनची वेळ पुण्यापर्यंत न बिघडता आणणारं घड्याळ लागतं.

अक्षांश सावलीतून मिळतो, रेखांश घड्याळातून. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या अर्ध्या वाक्याभोवती फिरतो आणि तुमच्या खिशातला फोनही त्याला अपवाद नाही.

मराठी घरांत रेखांश शिरला तो पंचांगातून. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथे काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, पुढे पुण्यात गणित शिकवत. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. आकाशात ग्रह जिथे प्रत्यक्ष दिसतो त्याच्याशी जुळणारं पंचांग हवं, असा केरूनानांचा आग्रह होता. त्यातून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. जुने आकडे की ताजे वेध, यावर पुण्यात नंतर अनेक वर्षं कडाक्याचे वाद झाले. सण कुठल्या दिवशी, हा प्रश्न वरवर धर्माचा. आत शिरलं की तो मोजमापाचा असायचा: कुणाचे वेध, कुठून घेतलेले, कोणत्या ठिकाणासाठी.

त्या वेळी प्रत्येक गावाची स्वतःची वेळ होती. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर बसवली गेली. पुण्याचा खरा सूर्य त्या घड्याळापेक्षा सरासरी साडेचौतीस मिनिटं मागे आहे. म्हणजे वरचा काठीचा प्रयोग करायचा असेल तर फोनमध्ये बारा वाजल्यावर करू नका. दुपारचे साडेबारा उलटून गेल्यावर सावली सर्वांत आखूड कधी होते ते बघा.

हिंगणघाटला संपलेला माणूस

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी एक सरळ रेघ मोजायला सुरुवात केली. साडेसात मैलांची रेघ, पोलादी साखळीने, इंच-इंच जपून. यातून पुढे ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ उभा राहिला.

कल्पना शाळेतल्या भूमितीची आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू काढता येतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करायचे. जमीन एकदाच मोजायची, मग फक्त कोन. पुण्यापुरतं उदाहरण घेऊ. पर्वती आणि सिंहगड यांच्या जागा आधीच पक्क्या माहीत आहेत असं समजा. आता या दोन्ही ठिकाणांहून बुधवार पेठेतला एखादा कळस दुर्बिणीतून पाहिला आणि दोन्हीकडचे कोन घेतले, तर दोन रेघा जिथे छेदतील तिथे कळस. पेठेत पाऊल न टाकता कळसाची जागा कागदावर आली.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाच्या घरातलं होतं. ते डोंगरांवर चढवायचं, जंगलात मचाण बांधायचं, रात्री दिवे पेटवून दुरून पाहायचं. लॅम्ब्टन वीस वर्षं हेच करत उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम पुढे नेलं जॉर्ज एव्हरेस्टने. त्याच्या हाताखाली यंत्रं जुळवणारे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते आणि गणितं करणारे राधानाथ सिकदार. ओझी वाहणारे, साखळी धरणारे, झेंडे घेऊन टेकड्यांवर तासन्‌तास उभे राहणारे लोक मोजमापाच्या वह्यांत नावानिशी क्वचितच येतात.

या सर्वेक्षणातून दोन गोष्टी आपल्या नकाशांना कायमच्या चिकटल्या. पहिली म्हणजे पृथ्वीचा आकार. पृथ्वी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. किती चपटी, हे एव्हरेस्टने १८३० मध्ये भारतातल्या मापांवरून ठरवलं. तो ‘एव्हरेस्ट स्फेरॉइड’ भारताला छान बसायचा, कारण तो भारतावरच बेतलेला होता. दुसरी म्हणजे सुरुवातीचा बिंदू. सगळी जाळी मध्य भारतातल्या कल्याणपूर इथल्या खुणेला बांधली गेली. अक्षांश-रेखांश म्हणजे ‘या आकाराच्या पृथ्वीवर, या खुणेपासून मोजून’ असा अर्थ होता. आकार किंवा खूण बदला, त्याच दगडाचा आकडा बदलतो.

शिवाय रेखांशाचं जुनं दुखणं होतंच. भारतातले सगळे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर उभे होते आणि तो रेखांश जुन्या खगोलीय वेधांतून काढलेला होता. १८९४ ते १८९६ या काळात टेलिग्राफच्या तारेवरून ग्रिनिच आणि कराची यांची घड्याळं ताडून पाहिली गेली. सबंध भारत नकाशावर २ मिनिटं २७ सेकंद जास्त पूर्वेला बसवला गेला आहे, असं निघालं. ही मिनिटं-सेकंद कोनाची, घड्याळाची नव्हेत. पुण्याच्या अक्षांशावर त्याचं अंतर होतं सव्वाचार किलोमीटरहून थोडं जास्त. त्या जुन्या रेखांशानुसार बुधवार पेठेचा आकडा आजच्या फोनमध्ये टाकलात, तर पिन पडेल कॅम्प ओलांडून घोरपडीच्या बाजूला.

ही चूक नंतर दुरुस्त झाली. स्फेरॉइडचा फरक मात्र अजून जुन्या नकाशांत आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश आणि फोन देतो ते, यांत पुण्याच्या परिसरात शंभर मीटरच्या घरात अंतर पडतं. पौड रोडवर शंभर मीटर म्हणजे तोच सिग्नल. बुधवार पेठेत शंभर मीटर म्हणजे देवळातून थेट दुसऱ्या बोळात.

गुंठा आणि अंश

याच काळात पुणे जिल्ह्यात आणखी एक मोजणी चालू होती आणि रयतेच्या आयुष्याशी तिचाच जास्त संबंध होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकात सारा ठरवण्यासाठी शेतं मोजली. ती व्यवस्था फसली. मग १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मांडणी केली. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांत विभागलेली. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही प्लॉटच्या जाहिरातीत जो गुंठा आहे, तो त्या साखळीचा वंशज.

दोन मोजण्यांचे प्रश्न वेगळे होते. त्रिकोणांच्या मोजणीला विचारायचं होतं: हे ठिकाण पृथ्वीवर कुठे आहे? साखळीच्या मोजणीला विचारायचं होतं: ही जमीन किती आणि कुणाची? पेठांतल्या लोकांना दुसरा प्रश्न पुरत होता. अजूनही बऱ्याचदा पुरतो. सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा हे सगळं दुसऱ्या प्रश्नाचं घराणं.

पण दोन्ही मोजण्यांतून काय सुटतं, हे बुधवार पेठेत नीट दिसतं. १८४८ साली इथल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्रिकोणांच्या मोजणीला त्या खोल्यांशी कर्तव्य नव्हतं, साखळीवाल्यांना मालक तेवढा ठाऊक हवा होता. आत मुली बसल्यात, ही नोंद दोघांकडेही नव्हती. काही वर्षांनी सिकदारांसारखे गणिती हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची फुटांत सांगत होते. त्याच सुमाराला या पेठेत सावित्रीबाई अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत जात होत्या. जगाच्या मापात आणि पेठेच्या मापात इतका फरक होता.

म्हणून मला हौदाचा आकडा हवा आहे, पण नुसता आकडा नको आहे. तो मुद्दा शेवटी येईल. आधी फोनकडे येऊ.

डोक्यावर चार घड्याळं

इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टसाठी मी जीपीएस मॉड्यूल घेतलं ते याच पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून. नखाएवढी चिप, वर चिनीमातीचा चौकोनी अँटेना. लॅपटॉपला जोडलं की ते दर सेकंदाला एक ओळ ओकायचं. त्यात ‘१८३१’ने सुरू होणारा आकडा असायचा. तो १८ अंश ३१ मिनिटं असा वाचायचा, हे कळेपर्यंत मित्रांना तो साल वाटला होता.

ती चिप काय करते? वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांना ऐकते. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असतं आणि तो सतत सांगत असतो: मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी खाली पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. उशीर मोजा, वेगाने गुणा, उपग्रहापासूनचं अंतर मिळालं. तीन अंतरांवरून जागा मिळायला हवी. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक हा चौथा अज्ञात आकडा. म्हणून किमान चार उपग्रह. एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे तीनशे मीटर.

लॅम्ब्टनचा थिओडोलाइट कोन मोजायचा, फोन वेळ मोजतो. रेखांशासाठी उज्जैनची किंवा ग्रिनिचची वेळ न बिघडता आणायची होती, ते काम आता आकाशातून होतं. ती घड्याळंही आइन्स्टाइनचा हिशोब लावल्याशिवाय चालत नाहीत. तिथली वेळ जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे अडतीस मायक्रोसेकंद पुढे पळते. तेवढं वजा केलं नाही तर एका दिवसात जागा दहा किलोमीटरने घसरेल.

ही यंत्रणा अमेरिकेच्या सैन्याने १९७३ मध्ये आखली, पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं. त्यानंतर ही सेवा नागरिकांनाही देऊ, असं अमेरिकेने जाहीर केलं. पण दिली ती मुद्दाम बिघडवून. सामान्यांच्या सिग्नलमध्ये चूक मिसळलेली असायची आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली. गल्ली सापडेल इतकी अचूकता सामान्य माणसाला त्या दिवसापासून मिळाली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात आपले उपग्रह सोडून ‘नाविक’ उभी केली. आजचा बरा फोन अमेरिका, रशिया, युरोप, चीन यांचे उपग्रह एकदम ऐकतो आणि अनेक फोन नाविकही ऐकतात.

नकाशा काढण्याचा अधिकारही असाच हळूहळू सैल झाला. नकाशे ही आपल्याकडे दीडशे-दोनशे वर्षं सरकारी आणि सैनिकी मामला होता. फेब्रुवारी २०२१च्या नियमांनी भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना परवानग्यांच्या चकरांशिवाय मोजणी आणि नकाशे करायला मोकळीक दिली. लॅम्ब्टनच्या तुकडीत साखळी धरून उभा राहणारा माणूस आता स्वतः मोजू शकतो.

बोळात उभं राहून

आता हौदापाशी जाऊ. फोनमधला निळा ठिपका काय सांगतो? तो सांगतो फोन कुठे आहे. हौद कुठे आहे, हे सांगत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण वस्तूंच्या चुकलेल्या नोंदी अनेकदा इथेच जन्मतात. तुम्ही रस्त्यापलीकडून छान फोटो काढता. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश साठतात. ते तुमच्या पायांखालच्या जागेचे असतात. मग तो फोटो नकाशावर चढतो आणि हौद रस्त्यापलीकडे जातो.

दुसरी अडचण बुधवार पेठेचीच. मोकळ्या मैदानात फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. इथे दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती, वर तारा, फ्लेक्स, पत्रे. आकाशाची एक फीत तेवढी दिसते. उपग्रहाचा क्षीण सिग्नल भिंतीवर आपटून, वळसा घेऊन येतो आणि जास्तीचं अंतर दाखवतो. फोन गोंधळला की आसपासच्या वाय-फाय आणि टॉवरांचा आधार घेतो. ठिपका मग एका दुकानातून दुसऱ्या दुकानात उड्या मारतो. २०१८ नंतर आलेले काही फोन दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकतात. ते अशा जागी बरे.

म्हणून पद्धत जुन्या सर्वेक्षकांसारखीच ठेवावी लागते. वस्तूला टेकून उभं राहायचा हट्ट सोडा. जवळचा असा बिंदू निवडा जिथे आकाश जास्तीत जास्त मोकळं आहे, चौकाचा मध्य किंवा रस्त्याचं रुंद तोंड. गर्दी आणि वाहनं सांभाळा, सकाळी लवकर जा. फोन छातीशी धरू नका, वर धरा. दोन-तीन मिनिटं थांबा, ठिपका स्थिरावू द्या. आकडा लिहा आणि त्यासोबत ॲप दाखवतं ती अचूकताही लिहा. अर्ध्या-एक तासाने पुन्हा या. तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते, चुकाही बदलतात. चार-पाच वाचनांची सरासरी एका वाचनापेक्षा भरवशाची.

मग उरलेलं अंतर पायांनी. समजा तुमच्या बिंदूपासून वस्तू बारा मीटर उत्तरेला आणि पाच मीटर पूर्वेला आहे. पुण्यात अक्षांशाचा एक अंश म्हणजे ११०.७ किलोमीटर, रेखांशाचा एक अंश साडेएकशे पाच. बारा मीटर म्हणजे अक्षांशात ०.०००११ अंश, पाच मीटर म्हणजे रेखांशात ०.००००५. तेवढं मिळवा. आता ही जागा उपग्रहचित्रावर ताडून बघा. मात्र ते चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं, म्हणून दोघांपैकी कुणालाच देव मानू नका.

एक सवय सोडावी लागते. ॲप दशांशानंतर सात-आठ अंक दाखवतं. तो संगणकाचा स्वभाव आहे, मापाची अचूकता नव्हे. तिसरा दशांश म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर, चौथा दहा-अकरा मीटर, पाचवा सव्वा मीटरच्या आत. सातवा दशांश सेंटीमीटर सांगतो आणि तुमच्या हातातला फोन सेंटीमीटर मोजत नाही. पाच अंकांवर थांबणं हा प्रामाणिकपणा आहे. या चौकाचा परिसर मी इथे १८.५१६ उत्तर, ७३.८५६ पूर्व एवढाच लिहितो. तेवढ्यावर तुम्ही दगडूशेठच्या आसपास पोहोचाल. पुढचे दोन अंक तुम्ही स्वतः काढावेत म्हणून ही सगळी लांबण.

आकड्याच्या शेजारी काय लिहायचं

हौदापासून हाकेच्या अंतरावर, दगडूशेठच्या समोर, भिडे वाडा होता. होता. जीर्ण झालेल्या त्या वाड्यावरून वर्षानुवर्षं न्यायालयात वाद चालला. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ताबा घेऊन तो पाडला. तिथे मुलींच्या पहिल्या शाळेचं स्मारक व्हायचं आहे. आज ‘भिडे वाड्याचे अक्षांश-रेखांश’ म्हणजे एका नसलेल्या वस्तूचे अक्षांश-रेखांश. तरी ते निरर्थक नाहीत. शाळा कुठे भरली, या प्रश्नाचं उत्तर विटा गेल्यावरही देता येतं, ही या आकड्याची खरी ताकद. बुधवार वाड्याला ते भाग्य मिळालं नाही.

आणि तरीही आकडा एकटा पुरत नाही, याचं कारण पेठेत नाही, पायाखाली आहे. भारताचा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर सरकतो. उपग्रहांची चौकट अख्ख्या पृथ्वीला बांधलेली आहे, भारताला नाही. त्या चौकटीत पाहिलं तर १८४८ मध्ये ती शाळा जिथे होती, तिथून तीच जागा आज जवळपास नऊ मीटर सरकली आहे. वाडा हलला नाही, रस्ता हलला नाही, सगळं पुणं एकत्र हललं. पण आकडा बदलला. फोनच्या चुकीहून हे अंतर जास्त आहे. म्हणजे आज नेमका मोजलेला आकडा तारखेशिवाय दिला, तर दीडशे वर्षांनी तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाईल.

म्हणून बाहुलीच्या हौदाची नोंद करताना अक्षांश आणि रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहा. सोबत डब्ल्यूजीएस-८४ ही चौकट, मोजल्याची तारीख, अचूकता किती मीटर, आणि मोजलं ते हौदाच्या मध्याचं की दर्शनी बाजूचं, हेही. मग जुन्या पद्धतीचा पत्ता: फरासखान्यापाशी, बुधवार पेठ. खुणा एकमेकींना तारतात. फरासखाना गेला तर आकडा सांगेल, आकडा सरकला तर फरासखाना.

आणि त्याखाली दोन ओळी, ज्या कुठलाही उपग्रह देत नाही: काशीबाई घोले, शिकत असताना बालपणी वारली. तिच्या वडिलांनी हे पाणी सगळ्यांना खुलं केलं.

पुण्याच्या पेठांमध्ये असं बरंच काही उभं आहे. कात्रजहून पेशव्यांनी आणलेल्या नळाचे हौद, त्या नळावरचे उच्छ्वास, बोळाच्या तोंडाशी अर्धे गाडले गेलेले दगड. काहींची नावं फक्त सत्तरीच्या आजोबांना माहीत आहेत. फोन तुमच्याकडे आहे, आजोबा समोरच्या कट्ट्यावर आहेत. आकडा फोनकडून घ्या, नाव आजोबांकडून, आणि दोन्हींखाली तारीख टाका.